ब्लूग्रास संगीत आणि त्याचा रसिकवर्ग

ब्लूग्रास हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंट्री संगीताचा एक उपप्रकार आहे. इ.स. १९४० च्या दशकात बिल मन्रो आणि त्यांचा 'ब्लू ग्रास बॉइज' हा वाद्यवृंद यांच्या वादनातून तो आकाराला आला. अ‍ॅपलाचियन पर्वतराजी व अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुने ग्रामीण संगीत हा त्याचा पाया आहे. हे जुने संगीत 'ओल्ड-टाइम' या नावाने ओळखले जाते. विजेवर न चालणारी तंतुवाद्ये, द्रुत लय, आळीपाळीने केलेले एकलवादन आणि उंच पट्टीतील सहगायन ही ब्लूग्रासची प्रमुख लक्षणे होत. इ.स. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संगीताचे व्यावसायिक पाठबळ आटले. त्यानंतर ते टिकून राहिले ते मुख्यतः रसिकांच्या प्रयत्नांमुळे. महोत्सव, नियतकालिके, ध्वनिमुद्रणे आणि घरोघरी होणाऱ्या वादनाच्या बैठका यांद्वारे रसिकांनी त्याचे जतन केले. या रसिकवर्गातील अनेक जण स्वतः वाद्य वाजवतात.

पूर्वपीठिका : ओल्ड-टाइम संगीत

ब्रिटिश बेटांतून, विशेषतः स्कॉटलंड व आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी फिडलवरील नृत्यधुना आणि कथागीते अमेरिकेत आणली. फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन. बँजोचे मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेतील वाद्यांत आहे. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांत व उत्तर अमेरिकेत आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांनी त्याला नवे रूप दिले. फिडल आणि बँजो यांची जोडी ही या दोन परंपरांच्या संगमाची खूण मानली जाते.

महाराष्ट्रात मिरवणुकांमध्ये वाजवले जाणारे आणि 'बँजो' किंवा 'बेंजो' म्हणून ओळखले जाणारे कळांचे वाद्य वस्तुतः बुलबुलतरंगाचा प्रकार आहे. अमेरिकी बँजोशी त्याचे केवळ नावापुरते साम्य आहे. अमेरिकी बँजोला चामड्याने किंवा कृत्रिम पडद्याने मढवलेले गोल खोड आणि लांब मान असते. त्याची पाचवी तार आखूड असून ती बहुधा एकाच स्वरात वाजत राहते.

ग्रामीण दक्षिणेतील हे संगीत इ.स. १९२० च्या दशकात तबकड्यांवर मुद्रित होऊ लागले. इ.स. १९२३ मध्ये अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन यांचे ध्वनिमुद्रण झाले. इ.स. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी ध्वनिमुद्रणे केली. त्यांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कलावंत पुढे आले. इ.स. १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम नभोवाणी केंद्राने सुरू केलेला साप्ताहिक कार्यक्रम पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यामुळे हे संगीत दूरदूरच्या घरांत पोहोचले.

ब्लूग्रासची जडणघडण

बिल मन्रो (इ.स. १९११ ते १९९६) यांचा जन्म केंटकी राज्यातील रोझिन येथे झाला. त्यांच्यावर मुख्यतः दोन व्यक्तींचा प्रभाव होता. एक म्हणजे त्यांचे फिडलवादक मामा पेंडल्टन व्हँडिव्हर आणि दुसरे आर्नल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय गिटार व फिडलवादक. किशोरवयात मन्रो शुल्ट्झ यांच्यासोबत नृत्याच्या कार्यक्रमांत साथ करीत. इ.स. १९३९ मध्ये मन्रो आपल्या वाद्यवृंदासह ग्रँड ओल ऑप्रीमध्ये दाखल झाले. केंटकी राज्य 'ब्लूग्रास स्टेट' म्हणून ओळखले जाते. त्यावरून त्यांनी वाद्यवृंदाचे नाव ठेवले होते.

इ.स. १९४५ च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातील अर्ल स्क्रग्ज हे तरुण बँजोवादक या वाद्यवृंदात आले. अंगठा, तर्जनी व मध्यमा या तीन बोटांनी अखंड स्वरमालिका छेडण्याची त्यांची शैली ऑप्रीच्या श्रोत्यांना अत्यंत भावली. मन्रो (मेंडोलिन), स्क्रग्ज (बँजो), लेस्टर फ्लॅट (गिटार), चबी वाइज (फिडल) आणि हॉवर्ड वॉट्स (डबल बास) या संचाने इ.स. १९४६ व १९४७ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे ब्लूग्रासचा आदर्श नमुना मानली जातात.

इ.स. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी मन्रो यांची साथ सोडून 'फॉगी माउंटन बॉइज' हा स्वतंत्र वाद्यवृंद स्थापन केला. त्याच सुमारास व्हर्जिनियातील कार्टर व राल्फ या स्टॅन्ली बंधूंनी मन्रो यांच्या शैलीचे अनुकरण सुरू केले. मन्रो यांना ते रुचले नाही. परंतु या अनुकरणामुळेच एका वाद्यवृंदाची शैली हळूहळू स्वतंत्र संगीतप्रकार बनली.

वादन व गायनाची वैशिष्ट्ये

ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रास या दोन्हींत बरीचशी वाद्ये समान असली, तरी वादनाची पद्धत भिन्न आहे. ओल्ड-टाइम संगीत प्रामुख्याने नृत्यासाठी असते. त्यात सर्व वादक एकच धून एकत्र वाजवतात आणि ती अनेक आवर्तनांपर्यंत चालू राहते. बँजो बहुधा 'क्लॉहॅमर' पद्धतीने, म्हणजे नखाने तारेवर खालच्या दिशेने आघात करून वाजवला जातो. ब्लूग्रास हे मंचावरून ऐकवण्याचे संगीत आहे. त्यात प्रत्येक वादक आळीपाळीने पुढे येऊन धुनेचा विस्तार करतो व इतर जण त्याला साथ करतात. ढोल किंवा तत्सम तालवाद्य सहसा नसते. डबल बास मुख्य ठोके देतो, तर मेंडोलिनचे तुटक आघात मधले ठोके भरून काढतात.

गायनात दोन, तीन किंवा चार आवाज स्वरमेळ साधून गातात. उंच पट्टीतील, काहीशा करुण आणि एकाकी स्वराला रसिक विशेष महत्त्व देतात. सोडून आलेले घर, आईवडिलांचे निधन, विफल प्रेम, रेल्वे, कोळशाच्या खाणी, श्रद्धा आणि मृत्यू हे गीतांचे नेहमीचे विषय आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अ‍ॅपलाचियन प्रदेशातील असंख्य कुटुंबे कारखान्यांतील रोजगारासाठी ओहायो, मिशिगन आणि मेरीलँडमधील शहरांत स्थलांतरित झाली. त्यामुळे डेटन, सिनसिनाटी, डेट्रॉइट व बाल्टिमोर येथे या संगीताचा मोठा श्रोतृवर्ग तयार झाला. गावाच्या आठवणींची गीते अशा रीतीने शहरांत वाढली.

नामकरण

स्वतःच्या संगीताला वेगळे नाव देण्याचा मन्रो यांचा प्रारंभी हेतू नव्हता. 'ब्लूग्रास' हे संगीतप्रकाराचे नाव म्हणून इ.स. १९५० च्या दशकात रूढ झाले. ते रूढ करण्यात श्रोते आणि नभोवाणी निवेदक यांचा वाटा मोठा होता. एका प्रचलित आख्यायिकेनुसार, मन्रो यांच्याशी दुरावा आलेल्या फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्यासमोर मन्रो यांचे नाव घेणे श्रोत्यांना प्रशस्त वाटत नसे. म्हणून 'ती जुनी ब्लूग्रास गाणी' वाजवा, अशी फर्माईश ते करीत.

पडता काळ आणि रसिकांचा पुढाकार

इ.स. १९५० च्या दशकाच्या मध्यास रॉक अँड रोलची लाट आली. नॅशव्हिलच्या संगीत उद्योगाने विद्युत गिटार व तंतुवाद्यांचे मोठे समूह वापरून गुळगुळीत कंट्री संगीत पुढे आणले. बँजो आणि फिडल यांना नभोवाणीवर मिळणारा वेळ कमी झाला. अनेक वादकांना अन्य कामे पत्करावी लागली.

या काळात दोन भिन्न सामाजिक स्तरांतील रसिक या संगीताभोवती एकत्र आले. एका बाजूला दक्षिणेतील ग्रामीण व कामगार कुटुंबे होती. त्यांच्यासाठी हे संगीत घरचेच होते. दुसऱ्या बाजूला लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाने प्रेरित झालेले उत्तरेकडील शहरी विद्यार्थी होते. इ.स. १९५२ मध्ये फोकवेज कंपनीने हॅरी स्मिथ यांनी संपादित केलेला ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच प्रकाशित केला होता. या विद्यार्थ्यांना विस्मृतीत गेलेल्या कलावंतांची ओळख त्यातून झाली. इ.स. १९५८ मध्ये माइक सीगर, जॉन कोहेन व टॉम पेली यांनी 'न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स' हा वाद्यवृंद स्थापन करून जुन्या तबकड्यांतील शैली बारकाईने पुन्हा वाजवण्यास आरंभ केला.

पेन्सिल्व्हेनियातील सनसेट पार्क आणि मेरीलँडमधील न्यू रिव्हर रँच यांसारख्या उद्यानांत रविवारी होणारे कार्यक्रम रसिक स्वतःच्या ध्वनिफीत यंत्रांवर मुद्रित करून घेत. व्यावसायिक कंपन्यांनी न नोंदवलेले बरेच संगीत त्यामुळे वाचले. इ.स. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मन्रो यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रण संचात अशा खासगी फितींचा उपयोग करण्यात आला. स्वतः मेंडोलिन वाजवणारे राल्फ रिंझलर यांनी इ.स. १९६० च्या सुमारास डॉक वॉट्सन या अंध गिटारवादकाला शहरी श्रोत्यांसमोर आणले आणि इ.स. १९६३ मध्ये मन्रो यांच्या कार्यक्रमांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी स्वीकारली. 'ब्लूग्रासचे जनक' ही मन्रो यांची प्रतिमा प्रस्थापित होण्यात रिंझलर यांचे योगदान महत्त्वाचे ठरले.

महोत्सव

फिडलवादनाच्या स्पर्धा व मेळावे ही जुनी प्रथा होती. व्हर्जिनियातील गेलॅक्स येथील 'ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन' इ.स. १९३५ पासून भरत आहे. केवळ ब्लूग्राससाठीचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव कार्लटन हेनी यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये व्हर्जिनियातील फिनकॅसलजवळ एका घोड्यांच्या फार्मवर आयोजित केला. त्यात मन्रो यांनी आपल्या पूर्वीच्या साथीदारांसह मंचावर येऊन या संगीताचा इतिहासच उलगडून दाखवला. पुढच्याच वर्षी, इ.स. १९६६ मध्ये, 'ब्लूग्रास अनलिमिटेड' हे नियतकालिक सुरू झाले. इ.स. १९६७ पासून मन्रो यांनी इंडियानातील बीन ब्लॉसम येथे स्वतःचा महोत्सव भरवला. लेस्टर फ्लॅट आणि मन्रो अनेक वर्षांच्या अबोल्यानंतर इ.स. १९७१ मध्ये याच ठिकाणी मंचावर एकत्र आले.

महोत्सवाला येणारी कुटुंबे तंबू किंवा निवासी गाड्यांमध्ये मुक्काम करतात. मंचावरील कार्यक्रमांइतकेच महत्त्व तंबूंच्या आसपास आणि वाहनतळावर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या वादनाला असते. काही जण मंचाकडे न फिरकता सगळा वेळ वादनातच घालवतात. अशा बैठकांचे अलिखित नियम असतात. वादक वर्तुळात उभे राहतात किंवा बसतात. धून व तिची पट्टी आधी सांगितली जाते. एकलवादनाची पाळी क्रमाने फिरते आणि दुसऱ्याच्या पाळीत आपला आवाज खाली ठेवला जातो. एकमेकांना अनोळखी असलेले वादकही समान धुनांच्या आधारे लगेच एकत्र वाजवू शकतात.

शिक्षण आणि गुरुशोध

हे संगीत दीर्घकाळ लिखित स्वरलिपीविना, ऐकून व पाहून शिकले गेले. स्क्रग्ज यांचे वादन इतके वेगवान होते की, बँजो शिकणारे तरुण तबकडी निम्म्या वेगाने फिरवून एकेक स्वर टिपत. इ.स. १९६८ मध्ये स्क्रग्ज यांचे बँजोवादनावरील पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर हे काम सोपे झाले.

ओल्ड-टाइम संगीताच्या शहरी चाहत्यांनी वृद्ध कलावंतांच्या घरी जाऊन विद्या घेतली. नॉर्थ कॅरोलायनातील माउंट एअरीजवळ राहणारे टॉमी जॅरेल (इ.स. १९०१ ते १९८५) हे राज्याच्या महामार्ग विभागात काम करून निवृत्त झालेले फिडल व बँजोवादक होते. उत्तरायुष्यात त्यांच्या घरी देशभरातून तरुण येत. त्यांचे आदरातिथ्य करून जॅरेल त्यांना धुना शिकवत. त्यांची तिरकस, जोरकस गजशैली आज त्यांच्या प्रदेशापासून दूर असलेल्या शहरांतही ऐकू येते.

परंपरेविषयीचे मतभेद

'पारंपरिक ब्लूग्रास' म्हणजे नेमके काय, हा रसिकांमधील जुना वाद आहे. काहींच्या मते इ.स. १९४६ ते १९४७ च्या संचाची वाद्ययोजना आणि गायनशैली हीच कसोटी होय. विद्युत बास व ढोल त्यांना मान्य नसतात. इतरांच्या मते मन्रो यांनी स्वतः जुन्या फिडलसंगीतात ब्लूज, जॅझ व चर्चगीतांचे घटक मिसळून नवे काही घडवले होते. त्यामुळे नवनिर्मिती हाच या परंपरेचा भाग ठरतो. इ.स. १९६९ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज विभक्त झाले, तेव्हा हा भेद ठळक झाला. स्क्रग्ज यांनी मुलांसोबत विद्युत वाद्यांचा स्वीकार केला, तर फ्लॅट जुन्या शैलीकडे परतले. इ.स. १९७१ मध्ये सॅम बुश यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' या वाद्यवृंदाने रॉक संगीताशी जवळीक साधली.

परंपरेच्या प्रचलित चित्रात कृष्णवर्णीय वादकांचा वाटा बराच काळ झाकला गेला. तबकडी कंपन्यांनी इ.स. १९२० च्या दशकापासून श्वेतवर्णीयांचे 'हिलबिली' आणि कृष्णवर्णीयांचे 'रेस रेकॉर्ड्स' असे बाजाराचे विभाग पाडले होते. त्याचा हा परिणाम होता. इ.स. २००५ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या वाद्यवृंदाने जो थॉम्पसन या ज्येष्ठ कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे शिक्षण घेऊन तो वारसा पुन्हा लोकांसमोर आणला. स्त्रियांनाही प्रारंभी दुय्यम स्थान होते. वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगार कुटुंबातून आलेल्या हेझल डिकन्स आणि त्यांच्या सहगायिका अ‍ॅलिस जेरार्ड यांचा पहिला गीतसंच इ.स. १९६५ मध्ये निघाला. त्यांच्या गायनाने पुढील पिढीतील स्त्री कलावंतांचा मार्ग सुकर केला.

चित्रपट व दूरचित्रवाणी

'बॉनी अँड क्लाइड' (इ.स. १९६७) या चित्रपटात स्क्रग्ज यांची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही धून वापरण्यात आली. 'डिलिव्हरन्स' (इ.स. १९७२) या चित्रपटामुळे बँजो जगभर परिचित झाला. मात्र डोंगराळ भागातील लोक अडाणी व हिंसक असल्याची प्रतिमाही त्यामुळे पसरली, अशी टीका झाली. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (इ.स. २०००) या चित्रपटाच्या गीतसंचाला सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यातील साथीविना केलेल्या गायनासाठी राल्फ स्टॅन्ली यांनाही वयाच्या पंच्याहत्तरीत ग्रॅमी पुरस्कार प्राप्त झाला.

अमेरिकेबाहेरील प्रसार

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या नभोवाणीमुळे जपानमध्ये या संगीताचे चाहते निर्माण झाले आणि विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद उभे राहिले. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात पीट सीगर यांच्या इ.स. १९६४ मधील प्राग येथील कार्यक्रमानंतर पाच तारांच्या बँजोविषयी कुतूहल वाढले. असा बँजो तेथे विकत मिळत नसल्याने मार्को चेर्माक यांनी छायाचित्रांच्या आधारे तो बनवून घेतला. इ.स. १९७३ मध्ये कोपिडल्नो येथे सुरू झालेला 'बँजो जॅम्बोरी' हा युरोपातील सर्वांत जुना ब्लूग्रास महोत्सव मानला जातो. कम्युनिस्ट राजवटीच्या काळातही तो चालू राहिला.

अमेरिकेत इ.स. १९८५ मध्ये स्थापन झालेली 'इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशन' ही संस्था वार्षिक पुरस्कार देते. केंटकीतील ओवेन्सबरो येथे या संगीताचे संग्रहालय आहे. हे ठिकाण बिल मन्रो यांच्या रोझिन या जन्मगावापासून जवळ आहे.