निरीक्षण, नोंद आणि सामान्य माणूस

वैशाखी पौर्णिमेच्या सायंकाळीं ताडोबाच्या रानांत एक निराळाच पहारा बसतो. पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसें चढून बसतात. कोणी नागपुरांतील कारकून, कोणी पुण्याचा विद्यार्थी, कोणी चंद्रपूरची गृहिणी. सोबतीस रानाचा एखादा जाणता माणूस. रात्रभर मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, विडी ओढावयाची नाहीं, दिवा लावावयाचा नाहीं. पाण्यावर जें जनावर येईल त्याची वेळ, संख्या, नर कीं मादी, बरोबर पिलें आहेत कीं नाहींत, एवढें कागदावर टिपावयाचें.

तिथीची निवड विचारपूर्वक केलेली आहे. वैशाखांत नाले व झरे आटून पाणी थोड्याच जागीं उरतें, त्यामुळें तहानलेल्या जनावरांस तेथें यावेंच लागतें. आणि पौर्णिमेचें चांदणें असल्यानें दिव्यावांचून दिसतें. मात्र सगळ्या मचाणांवरील आकड्यांची बेरीज केली म्हणजे रानांतील जनावरांची शिरगणती झाली, अशी जी पुष्कळांची समजूत असते ती बरोबर नाहीं. दिवेलागणीस एका पाणवठ्यावर आलेलें सांबर पहांटे दुसऱ्या पाणवठ्यावर जाऊं शकतें व दोनदां मोजलें जातें. उलट, जवळच वावरणारा एखादा वाघ त्या रात्रीं पाण्याकडे फिरकतहि नाहीं. तरीहि तोच पाणवठा, तीच तिथि आणि तीच रीत वर्षानुवर्षें कायम राहिली, आणि आदल्या दिवशीं अवकाळी पाऊस पडला असल्यास तेंहि प्रामाणिकपणें लिहिलें गेलें, तर एका वर्षाची दुसऱ्याशीं तुलना करतां येते व चढउताराची चाहूल लागते. एकट्या रात्रीच्या आकड्यास फारसें मोल नाहीं. ओळीनें मांडलेल्या वीस रात्रींस आहे.

या कामांत सर्वांत अवघड नोंद कोणती, असें विचारल्यास ती वाघाची नव्हे, शून्याची होय. रात्रभर डांसांशीं झगडून सकाळीं कोरा कागद परत द्यावयाचा, हें मनास लागतें; आणि दूरवर हाललेली सांवली अस्वल म्हणून लिहून टाकण्याचा मोह होतो. तो मोह किती महाग पडतो तें वाघांच्या गणतीनेंच दाखविलें आहे. १९७२ सालीं देशभर वाघ मोजले गेले ते पावलांच्या ठशांवरून, आणि पुढें तीन दशकें तीच पद्धति चालली. कोणता ठसा कोणत्या वाघाचा, हें ठरविणें बरेंचसें पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होतें. राजस्थानांतील सारिस्का येथें कागदोपत्रीं वाघ नांदत राहिले आणि २००४-०५ च्या सुमारास कसून शोध घेतला तेव्हां एकहि उरला नव्हता; चोरट्या शिकाऱ्यांनीं ते संपविले होते. २००६ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं टिपलेल्या छायाचित्रांवरून वाघ ओळखण्याची रीत देशभर आली. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, हें तिचें मर्म.

लोकांच्या डोळ्यांचा असा उपयोग करून घेण्याची कल्पना जुनी आहे. १९०० सालच्या नाताळांत अमेरिकेंत फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, पक्षी मारण्याची चढाओढ करण्याऐवजीं त्या दिवशीं ते मोजावे. पहिल्या वर्षीं २५ ठिकाणीं मिळून २७ माणसांनीं मोजणी केली. ती प्रथा आजतागायत चालू आहे, आणि कोणती जात वाढली, कोणती ओसरली हें सांगतांना शास्त्रज्ञ तिचा आधार घेतात.

परंतु येथवरच्या व्यवहारांत प्रश्न शास्त्रज्ञाचा आणि डोळे लोकांचे. प्रश्नहि लोकांचाच असला म्हणजे काय होतें, तें पाहावयास वैनगंगेपलीकडे जावें लागतें. पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. त्यांतील धानोरा तालुक्यांत, गडचिरोलीहून सुमारें ३० किलोमीटरांवर, मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथील देवाजी तोफा आणि त्यांचे गांवकरी यांनीं, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनें, अभ्यासगट चालविण्यास आरंभ केला. अभ्यासगटांत हवें तें विचारावें, बाहेरच्या जाणत्यासहि बोलवावें. परंतु अभ्यासगटानें निर्णय घ्यावयाचा नाहीं. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोहि सर्वांच्या सहमतीनें.

मधाचें उदाहरण घ्यावें. आग्यामोहोळाचा मध काढण्याची रूढ रीत म्हणजे पोळ्याखालीं जाळ धरावयाचा. त्यांत माशा जळून मरतात, पोळें समूळ जातें, आणि ठिणगी पडून रानास वणवा लागण्याची भीति असते. मध तर हवा. मग माशी मारल्यावांचून तो कसा काढावा? हा प्रश्न गांवाचा होता, कारण माशा संपल्या तर मधावांचून राहणारेंहि तेंच गांव होतें. आग्यामाशीच्या पोळ्यांत मध वरच्या एका अंगास सांठतो आणि अंडीं-पिलें उरलेल्या भागांत असतात. अभ्यासगटानें बाहेरील मधमाशीतज्ज्ञांची मदत घेऊन मधाचा तेवढा भाग कापण्याची आणि बाकीचें पोळें राखण्याची रीत शिकून घेतली. राखलेल्या पोळ्यावर माशा पुन्हां मध भरूं शकतात. फळांसाठीं झाडच तोडणें, नदीच्या डोहांत विष घालून मासे मारणें, या संवयींचाहि असाच विचार झाला आणि ग्रामसभेनें त्यांस आळा घातला.

पुढें २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं मेंढा गांवास सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मात्र गांवाच्या हातीं २७ एप्रिल २०११ रोजीं, तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत आला. तेथून मोजणीचा अर्थच पालटला. बेटांत या वर्षीं फुटलेला वास्ता कोणता, तोडण्याजोगा पक्का बांबू किती, आणि बेट सांवरून धरण्यास किती राखावयाचा, हें न मोजतां तोडणारा आपलीच पुढील वर्षांची कमाई तोडतो. मचाणावरील पाहुण्याची चूक एका तक्त्यांत राहते. येथली चूक घरच्या चुलीपर्यंत पोहोंचते.

रानाजवळ राहणाऱ्यांच्या अशा ज्ञानास लेखी रूप मिळावें म्हणून माधव गाडगीळ यांनीं लोकांच्या जैवविविधता-नोंदवहीचा पुरस्कार केला, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील २००४ च्या नियमांनीं ती तयार करणें हें स्थानिक समित्यांचें मुख्य काम ठरविलें. मात्र बाहेरच्या माणसानें एका बैठकींत वही भरून टाकली, तर तिची गत सारिस्क्याच्या कागदांसारखी होते. ती गांवानें स्वतःच्या प्रश्नासाठीं लिहिली, तरच पुढल्या वर्षीं पुन्हां उघडली जाते.

शहरांतील घरास बांबूचें बेट नसतें; परंतु अंगणांत अगर रस्त्याच्या कडेस एखादा आंबा, बहावा किंवा पळस असतोच. पहिली कळी कोणत्या तारखेस दिसली, फळ केव्हां धरलें, पाऊस अगर गारपीट केव्हां झाली, हें दर आठवड्यास वहींत लिहिण्यास दहा मिनिटें पुरतात. झाडांच्या बहराच्या अशा नोंदी देशभरांतून गोळा करणारे उपक्रम चालू आहेत, आणि त्यांस शाळेंतील मुलांच्या नोंदीहि चालतात. ज्या आठवड्यांत झाडावर कांहींच नसेल, त्या आठवड्यासमोर ‘कांहीं नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. जागा रिकामी सोडूं नये. रिकाम्या जागेवरून त्या दिवशीं दिसलें नव्हतें कीं पाहिलेंच नव्हतें, हें दहा वर्षांनीं कोणासहि सांगतां येणार नाहीं.