दोघांच्या हातची पेरूवडी

हल्ली फेब्रुवारीची १४ तारीख जवळ आली, की बारामतीच्या दुकानांतूनही लाल कागदांत गुंडाळलेल्या मिठाईची रास दिसू लागते. तरुण दांपत्यांनी एकमेकांस काही गोड द्यावे यात आम्हांस वावगे वाटत नाही. दिवाळीच्या पाडव्याला पत्नीने ओवाळावे व पतीने ताटात ओवाळणी घालावी, हा आपल्याकडील दांपत्यप्रीतीचाच उत्सव होय. प्रश्न एवढाच, की प्रीतीने दिलेल्या वस्तूत काय आहे, हे देणाऱ्यास ठाऊक असावे की नाही?

फळांच्या स्वादाच्या ज्या चिवट, चकचकीत गोळ्या तरुणांना प्रिय असतात, त्यांपैकी पुष्कळांना तो लवचीकपणा जिलेटिनमुळे येतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्यांतून व हाडांतून काढलेला पदार्थ. आपल्याकडील पाकिटांवर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे पाहिल्यास उलगडा होतो. परदेशाहून आलेल्या पाकिटावर ती खूण असेलच असे नाही. इंदापूरकडील आमच्या परिचयाच्या एका घरी नवपरिणीत पतीने हौसेने असे पाकीट आणले. सुनेने मागचा मजकूर वाचला आणि काही न बोलता ते फडताळात ठेवून दिले. तिला ते खाववेना आणि त्याचे मनही मोडवेना. हेतू निर्मळ असून भेट मात्र वाया गेली, याहून हळहळण्याजोगे ते काय?

वस्तुतः यावरील उपाय आपल्या शिवारातच आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरच्या कोरड्या मुलखात ऊस आला. आज याच तालुक्यांत द्राक्षे, डाळिंबे व पेरू यांच्याही बागा आहेत. यांपैकी पेरूत पेक्टिन नावाचे द्रव्य विपुल असते. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८२५ साली त्याचे वर्णन करून नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गोठलेले’ असा आहे. साखर व आंबटपणा पुरेसा मिळाला, म्हणजे पेक्टिनचे सूक्ष्म जाळे विणले जाते आणि फळाचा रस त्यात अडकून राहतो. द्राक्षांच्या व डाळिंबाच्या रसात ते अल्प असल्याने नुसत्या रसाची वडी धरत नाही. चायना ग्रास समुद्रशेवाळाचे, म्हणून शाकाहारी खरे. पण त्याची वडी चिवट न होता तुटक होते. गोव्यात नाताळाला पेरूचे ‘पेराद’ करतात, ते याच पेक्टिनच्या बळावर.

मृग बहाराचे पेरू हिवाळ्यात मिळतात. तीन भाग पिकलेले व एक भाग अर्धकच्चे घ्यावेत, कारण अर्धकच्च्या फळात पेक्टिन अधिक असते. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासाव्यात, म्हणजे बिया वर राहतील. अर्धा किलो गरास ४०० ग्रॅम साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर सतत ढवळावे. रंगासाठी डाळिंबाचा रस चार चमचे घालावा. एका लिंबाचा रस मात्र शेवटी शेवटी घालावा. आंबटात फार वेळ उकळल्यास पेक्टिनचे बळ खचते.

पाक सिद्ध झाल्याची परीक्षा शार्ङ्गधराने अवलेहाच्या प्रकरणात सांगितली आहे, ती येथेही उपयोगी पडते. तार सुटते, थेंब पाण्यात न विरघळता बुडतो आणि दाबले असता बोटाचा ठसा उमटतो. मग चमचाभर तूप घालून गोळा तूप लावलेल्या ताटात थापावा, रात्रभर वाळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडून पिठीसाखरेत घोळवाव्यात.

या कामास तासभर तरी लागतो. गर घट्ट होऊ लागला, की त्याचे कढत शिंतोडे उडतात व हात भरून येतो. म्हणून लांब दांड्याचा उलथणा घ्यावा आणि दोघांनी आळीपाळीने ढवळावे. वर सांगितलेल्या दांपत्यास आम्ही हाच सल्ला दिला. विकतचे पाकीट एकट्याने आणता येते. ही वडी मात्र दोघांनी मिळून केल्यास अधिक सुकर होते. तीत काय घातले आहे, हे खाणाऱ्यास विचारावेही लागत नाही.