जुन्या गाडीचे इंजिन आणि घरचा हिशेब



आपल्या वस्त्यांमधून आज बहुतेक दारांत मोटारसायकल उभी दिसते. ती पाहून कुणी म्हणतो, समाज आता सुखवस्तू झाला. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याची पाळी रात्री अकराला सुटते आणि ज्याचा कारखाना घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, त्याची मोटारसायकल ही चैन नव्हे, ते त्याचे अवजार आहे. सुताराची करवत मोडली की त्याची रोजी बुडते, तसेच हे. म्हणून जुन्या गाडीचे मोठे काम निघाले, तर तो प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नसतो, सगळ्या घराचा असतो.

आमच्या घरी हा प्रसंग 2025 च्या जुलै महिन्यात आला. त्यात आमच्याही चुका झाल्या. त्या झाकून उपदेश करणे बरे नव्हे, म्हणून घडले तसे सांगतो.

गाडी शंभर सीसीची, चार स्ट्रोक, 2009 साली आम्हीच घेतलेली. धाकट्या भावाला बुटीबोरीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागले, तेव्हा ती आम्ही त्याला दिली. तो नागपूरहून रोज जाऊन-येऊन करतो. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, अशी ती नोकरी.

एके रात्री तो गाडी ढकलत घरी आला. म्हणाला, "दादा, गाडी धूर फेकून राहिली. मिस्त्री म्हणते, पूर्ण इंजिन गेलं. साडेचौदा हजार लागतीन."

आम्ही आधी त्याच्यावरच रागावलो. तुला गाडी सांभाळता येत नाही, असे बोललो. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर टोकाला जेमतेम ओल. तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही तरी कधी ही पट्टी काढून पाहत होते?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. विहारात काटकसरीवर भाषणे देणाऱ्या आम्ही इतक्या वर्षांत दोन सर्व्हिसिंगच्या मधे एकदाही ती पट्टी ओढून पाहिली नव्हती. स्वस्त मिळेल ते ऑइल आम्हीच टाकत होतो. दोष एकट्या त्याचा नव्हता.

घाईच्या तीन वाटा

त्या रात्री घरात तीन वाटांची चर्चा झाली.

पहिली वाट सावकाराची. वस्तीतला एक जण महिन्याला शेकडा दहाने पैसे देतो. पंधरा हजारांवर महिन्याला दीड हजार नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. पण अडलेला माणूस कायदा विचारत नाही, त्यालाच हे लोक हेरतात.

दुसरी वाट नव्या गाडीची. शोरूममधल्या मुलाने कागदावर मांडून दिले होते: कर्ज 80 हजार, व्याज फक्त दहा टक्के, हप्ता 2,889, मुदत 36 महिने. आम्ही कारकुनी करणारे, आकडेमोड केल्याशिवाय राहवेना. एकूण फेड होते 1 लाख 4 हजार. शिवाय ते दहा टक्के सपाट दराने. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 80 हजारांवर लागते. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर तोच दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी "दर सपाट की घटत्या शिलकीवर?" एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

तिसरी वाट भंगारातले इंजिन बसवण्याची. हिच्यापासून तर दूरच राहावे. इंजिनाचा नंबर आर.सी. बुकावर असतो. आर.टी.ओ.ला न कळवता दुसरे इंजिन बसवले आणि ते चोरीच्या गाडीचे निघाले, तर दोन-तीन हजार वाचवायला जाऊन पोलीस चौकीची पायरी चढावी लागते.

आधी निदान, मग खर्च

सकाळी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. हा आय.टी.आय. शिकलेला. त्याने आकडा सांगण्याची घाई केली नाही. तो म्हणाला, "उघडल्याशिवाय कसं सांगू, भाऊ?" आम्ही उभे राहून पाहिले आणि विचारत गेलो. त्यातून शिकलो ते असे.

धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, बहुधा कार्ब्युरेटरचे किंवा एअर फिल्टरचे काम. निळसर पांढरा धूर म्हणजे ऑइल जळते. सकाळी सुरू करताना तेवढा भपकारा येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर, आणि ते काम लहान. गाडी ओढताना धूर वाढत असेल, तर रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव अधिक.

मग त्याने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. आकडा वाढला. ऑइलने फट तात्पुरती बुजली, म्हणजे रिंगा आणि ब्लॉक झिजले आहेत, हे ठरले. आकडा वाढला नसता, तर दोष व्हॉल्व्हकडे असता.

ब्लॉक उतरवल्यावर त्याने कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून दाखवला. डावी-उजवीकडे थोडा हलतो, तो हलायचाच. वर-खाली खेळ असेल, तर मात्र क्रँकचे मोठे काम. आमच्या गाडीत तो खेळ नव्हता. पहिल्या मिस्त्रीने न उघडताच धरलेला क्रँकचा खर्च इथेच वाचला. तो मुद्दाम फसवत होता, असे आम्ही म्हणत नाही. अंदाजाने सांगणारा नेहमी वरचाच आकडा सांगतो.

ब्लॉकला बोअर मारून अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. मधे त्याचा फोन आला, की क्लच प्लेटही संपल्या आहेत. आम्ही जाऊन पाहिल्या आणि मगच हो म्हटले. शेवटचे बिल असे झाले: पिस्टन किट 1,150, बोअरिंग 450, व्हॉल्व्ह सील व घासाई 300, गॅस्केट संच 250, टायमिंग चेन 650, क्लच प्लेट 500, ऑइल 400 आणि मजुरी 2,000. एकूण रुपये 5,700. काढलेले जुने भाग आम्ही मागून घेतले.

पैसे असे उभे केले: भावाचे 2,000, आमचे 1,700 आणि सौ.च्या महिला बचत गटातून शेकडा दोनने 2,000. गाडी पाच दिवस गॅरेजमध्ये होती. त्या दिवसांत भाऊ सोबत्याच्या गाडीवर अर्धे पेट्रोल देऊन गेला. एकही खाडा झाला नाही.

अर्थात दुरुस्ती नेहमीच शहाणपणाची असते, असे नाही. आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2024 मध्ये संपली, तेव्हा पर्यावरण कर भरून ती पुढील पाच वर्षांसाठी नूतन केली होती. म्हणजे खर्च वसूल व्हायला वेळ होता. नोंदणी संपत आलेली असेल, चेसिस गंजलेली असेल आणि क्रँकही गेला असेल, तर अशा गाडीत पैसा ओतू नये.

चौथा वाटा

राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला तथागतांनी संसाराचा हिशेब सांगितला होता. मिळकतीचे चार वाटे करावेत. एक आपल्या उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. हे आम्ही विहारात अनेकदा सांगितले आहे. पण गाडीचे इंजिन हीसुद्धा अडचणीची वेळ असते, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. हातावर पोट असणाऱ्याला पूर्ण चौथा वाटा काढणे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. जमेल तेवढा काढावा. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. भावाने तीनशेची उघडली. वर्षाला 3,600 जमतील. टायर, चेन, बॅटरी यांसाठी आता कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

बोअर मारल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी ताणायची नाही आणि मग ऑइल बदलायचे, असे मिस्त्रीने बजावले होते. भावाने ते तंतोतंत पाळले. आता दर रविवारी तो गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करतो, पट्टी पुसून ऑइल पाहतो आणि आम्हांला हाक मारतो, "दादा, या, पाहून घ्या."

आम्ही जातो आणि पाहतो.