आठवणीने रंगवलेले घर

फ्रेंच चित्रकार पिएर बोनार (१८६७–१९४७) याच्या चित्रांतले जग लहान आहे. न्याहारीचे टेबल, खुर्चीवर पेंगणारे मांजर, पायाशी घुटमळणारा कुत्रा, न्हाणीघरात अंग पुसणारी बाई, उघड्या दारातून आत आलेले ऊन. एवढ्याच गोष्टी तो अर्धशतकाहून अधिक काळ रंगवत राहिला. या काळात दोन महायुद्धे झाली, पॅरिसमध्ये घनवाद आला, अमूर्त कला आली, तरी बोनारचा विषय बदलला नाही. चित्रांतले रंग मात्र कोणत्याही घरात दिसणारे नाहीत. भिंत नारिंगी पेटलेली, सावली जांभळी, अंगावर हिरव्या-निळ्या छटा. प्रसंग इतका साधा आणि रंग इतके तापलेले, हे कसे जमले याचे उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. बोनार समोर पाहून रंगवत नसे, आठवून रंगवत असे.

पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझ या गावी त्याचा जन्म झाला. वडील युद्धखात्यात अधिकारी होते. मुलाने सरकारी नोकरी करावी ही त्यांची इच्छा, म्हणून बोनारने कायद्याची पदवी घेतली. त्याच वेळी तो चित्रकलेच्या वर्गांनाही जात होता. तिथे पॉल सेर्युझिए, मॉरिस दनी, एदुआर व्हुइयार ही मित्रमंडळी जमली. सेर्युझिएने १८८८ मध्ये पाँत-आव्हाँ येथे चित्रकार गोगँच्या देखरेखीखाली एक छोटे निसर्गचित्र केले होते. डोळ्याला जो रंग भासतो तो सौम्य न करता, शुद्ध आणि सपाट लावायचा, हा त्यामागचा धडा. या तरुणांनी स्वतःला ‘नाबी’ म्हणवून घेतले. हिब्रू भाषेतल्या प्रेषितवाचक शब्दावरून ते नाव आले. दनीचा ओढा धर्माकडे होता. बोनार आणि व्हुइयार घराकडे वळले. व्हुइयारच्या खोल्या दबलेल्या, कापडाच्या वेलबुट्टीत बुडालेल्या असतात. बोनारच्या खोल्यांना पुढे दारे-खिडक्या आल्या आणि त्यांतून उजेड आला.

त्याला दिशा देणारी दुसरी गोष्ट म्हणजे लाकडी ठशांची जपानी चित्रे. १८९० मध्ये पॅरिसला त्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि बोनार त्यात इतका रमला की मित्र त्याला ‘जपानी नाबी’ म्हणू लागले. सावलीवाचून सपाट रंग, चौकटीने मध्येच छाटलेल्या आकृत्या, वरून पाहिल्यासारखी जमीन, हे सारे त्याने तिथून उचलले. १८९२ च्या एका चित्रात त्याची बहीण आंद्रे जेवणाच्या टेबलाशी बसली आहे, जवळ मांजर आहे. तिच्या अंगातल्या झग्याची चौकडी कापडाच्या चुण्यांबरोबर वळत नाही, कागदावर आखल्यासारखी सरळ उतरते. तरीही बहीण आणि मांजर यांच्यातली सलगी तिळभर कमी होत नाही.

१८९३ मध्ये त्याची एका तरुणीशी ओळख झाली. तिने आपले नाव मार्त द मेलिन्यी सांगितले. खरे नाव मारिया बूर्सँ. ते बोनारला कळले १९२५ मध्ये, लग्नाच्या वेळी, म्हणजे बत्तीस वर्षांच्या सहवासानंतर. मार्तची प्रकृती नाजूक, स्वभाव एकलकोंडा. बोनारच्या शेकडो चित्रांत ती आहे, पण ठरवून बसवलेली फार थोड्यांत. ती कॉफीचा घोट घेते आहे, कुत्र्याला गोंजारते आहे, आरशापुढे उभी आहे. तिचा चेहरा बहुधा झुकलेला, सावलीत गेलेला किंवा अर्धा कापलेला असतो. व्यक्तिचित्रात चेहरा ओळखू यावा ही नेहमीची अपेक्षा. बोनारची मार्त ओळखू येते ती मान कलण्यावरून, पाठीच्या बाकावरून, कप धरण्याच्या लकबीवरून.

या संसारात सगळे सुखाचे नव्हते. रने मोंशाती या तरुणीशी बोनारचे प्रेमसंबंध जुळले होते, आणि त्याच्या लग्नानंतर काही काळातच तिने आत्महत्या केली. १९२१ ते १९२३ च्या दरम्यान केलेल्या बागेतल्या एका चित्रात सोनेरी केसांची रने मधोमध बसली आहे. मार्त कोपऱ्यात, केवळ बाजूने दिसते. हे चित्र बोनारने जवळ ठेवले आणि १९४५-४६ मध्ये, दोघीही हयात नसताना, पुन्हा हाती घेतले. त्याची घरे आनंदी वाटतात ती रंगांमुळे. माणसांकडे पाहिले तर ती एकमेकांकडे क्वचितच पाहत असतात. १९०० च्या ‘पुरुष आणि स्त्री’ या चित्रात तर दोघांच्या मध्ये घडीचा पडदा उभा आहे. पलंगावर मार्त मांजरांत गुंतलेली, अलीकडे बोनार स्वतः, आणि दोघेही आपापल्या विचारात.

१९१२ मध्ये त्याने व्हेर्नोने येथे, सेन नदीच्या काठी, छोटे घर घेतले. चित्रकार मोनेचे जिव्हेर्नी तिथून जवळच. पुढच्याच वर्षीचे ‘खेड्यातली भोजनाची खोली’ हे मोठे चित्र या घरातले आहे. आत तांबूस भिंती आणि टेबलावर थंड, निळसर पांढरा कपडा. बाहेर हिरवी-निळी बाग. खुर्च्यांवर मांजरे आहेत आणि लाल पोलक्यातली मार्त बाहेरून खिडकीच्या कठड्यावर रेलली आहे. घराची ऊब तिच्या पोलक्यातून बागेत जाते, बागेची थंडाई टेबलावर उतरते. आत आणि बाहेर जोडण्याचे काम भिंती-खिडक्यांच्या रेषांकडून काढून घेऊन त्याने रंगांवर सोपवले. पुढे १९२६ मध्ये त्याने दक्षिणेला, कान शहरावरच्या टेकडीवर, ल काने येथे ‘ल बोस्के’ नावाचे घर विकत घेतले. त्याची सर्वांत धाडसी चित्रे तिथली.

त्याची पद्धत विलक्षण होती. खिशातल्या छोट्या रोजनिशीत तो पेन्सिलीने दोन-चार इंचांची रेखाटने करी आणि शेजारी त्या दिवसाच्या हवेची नोंद ठेवी: निरभ्र, ढगाळ, पाऊस. मग खोलीत जाऊन त्या टिपणांवरून आणि आठवणीवरून रंगवायला घेई. समोर वस्तू असली की तिच्या तपशिलाच्या नादी लागून मूळचा ठसा हातून जातो, असे त्याचे मत होते. कॅनव्हास तो चौकटीवर ताणत नसे. मोठे तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावी आणि एकाच वेळी अनेक चित्रांवर काम करी. कुंचल्यावर एखादा पिवळा जमून आला की तो भिंतीच्या कडेने फिरून आणखी कोणत्या चित्राला तो लागतो हे पाही. चॉकलेटची चकचकीत वेष्टणेही त्याने भिंतीला लावली होती, उजेड त्यांवर कसा खेळतो हे पाहण्यासाठी. चित्रे वर्षानुवर्षे चालत. विकली गेलेली, संग्रहालयात टांगलेली चित्रेही तो संधी मिळताच दुरुस्त करी, अशी आख्यायिका आहे.

आठवण खोलीची मोजमापे जपत नाही. १९३२ चे ‘शुभ्र अंतर्दृश्य’ हे ग्रनोब्लच्या संग्रहालयातले चित्र त्याचा उत्तम नमुना आहे. पहिल्या नजरेत खोली रिकामी वाटते: पांढरे दार, शेकोटी, गरम पाण्याचा रेडिएटर, पुढे कलते टेबल, पलीकडे उघडलेली बाल्कनी. पांढरा म्हणून जो दिसतो त्यात पिवळा, निळा, मोतिया, जांभळट असे कितीतरी रंग आहेत. काही वेळाने टेबलामागे, जमिनीच्याच रंगात विरलेली, मांजराकडे वाकलेली मार्त सापडते. हा उशीर बोनारने योजलेला आहे. खोलीत पाऊल टाकताच सगळे एकदम दिसत नाही. डोळा आधी उजेड घेतो, मग वस्तू, मग माणूस. तो क्रम त्याने चित्रात राखला. त्यासाठी आकृती आणि पार्श्वभूमी यांची उजळता तो जवळजवळ सारखी ठेवी आणि फरक केवळ ऊन-थंड छटांनी करी. त्यामुळेच अशा चित्राची काळी-पांढरी प्रत काढली तर माणूस हरवतो.

न्हाणीघराची चित्रे हा त्याच्या कामाचा कळस. मार्तला जलोपचाराची सवय होती, दिवसाचा बराच वेळ ती स्नानात घालवी. १९४१ मध्ये सुरू केलेल्या ‘टबातली नग्ना आणि छोटा कुत्रा’ या चित्रात टब तिरका झाला आहे, भिंतींच्या फरशा पिवळ्या, निळ्या, नारिंगी ठिपक्यांत विरघळल्या आहेत आणि खाली चटईवर कुत्रा बसला आहे. पाण्यातली मार्त तरुण आहे. प्रत्यक्षात ती सत्तरी ओलांडलेली होती. १९४२ च्या जानेवारीत ती वारली. बोनारने तिच्या खोलीला कुलूप लावले आणि हे चित्र १९४६ पर्यंत रंगवत राहिला. सध्या ते पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. त्याच न्हाणीघराच्या आरशात पाहून त्याने स्वतःलाही रंगवले: टक्कल पडलेला, उघड्या अंगाचा, डोळ्यांच्या जागी गडद खळगे. मार्तला त्याने वय दिले नाही, स्वतःला कोणतीच सवलत दिली नाही.

पिकासोला ही चित्रकला मुळीच आवडत नसे; बोनारला निर्णय घेता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. उलट चित्रकार मातीस बोनारचा मित्र आणि खंबीर पाठीराखा होता, आणि बोनारच्या मृत्यूनंतर एका कलानियतकालिकाने त्याच्या थोरवीवर शंका घेतली तेव्हा मातीसने संतापून निषेध नोंदवला. पिकासोचे निरीक्षण चुकीचे नव्हते, निष्कर्ष चुकीचा होता. बोनारचा रंग खरोखरच कोणत्याही एका ठिकाणी ठरत नाही, सतत शेजारच्या रंगाकडे झुकतो. ओळखीच्या घरात नजर अशीच फिरते.

अंथरुणाला खिळल्यावरही त्याचे फेरफार थांबले नाहीत. बदामाच्या फुललेल्या झाडाच्या शेवटच्या चित्रात खालच्या कोपऱ्यातला हिरवा त्याला पटेना. भाचा शार्ल तेरास याच्या मदतीने त्याने तिथे पिवळा लावला. २३ जानेवारी १९४७ रोजी त्याचे निधन झाले. मार्तने मृत्युपत्र केले नव्हते आणि कायद्याने चित्रांतला तिचा वाटा तिच्या वारसांकडे जाणार होता, म्हणून बोनारने तिच्या नावाचे मृत्युपत्र स्वतःच लिहिले होते. ते उघडकीस आले, खटला उभा राहिला आणि त्याच्या घरातली पुष्कळ चित्रे अनेक वर्षे लोकांपुढे येऊ शकली नाहीत. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्याचा मोठा संग्रह आहे, आणि २०११ पासून ल काने येथे खास त्याच्या नावाचे संग्रहालय चालते.