लाल दिव्यापुढील खोळंबा

एके दिवशीं आठवींतील एक विद्यार्थी वर्गांत उशिरा आला व म्हणाला, “सर, सिग्नलनें अडविलें.” वर्ग हंसला, परंतु त्याची तक्रार खोटी नव्हती. मोठ्या शहरांतील चौकांत दीड-दोन मिनिटें तिष्ठत राहणें हें आतां नित्याचें झालें आहे. असें कां व्हावें?

लंडनमध्यें १८६८ सालीं पार्लमेंटजवळ पहिला रस्त्यावरील सिग्नल उभारला गेला, तेव्हांपासून तत्त्व एकच आहे : एकास वाट द्यावयाची, तर दुसऱ्यास थांबविलें पाहिजे. आतां थोडें गणित करूं. समजा, चौकांतील चारही रस्त्यांस एकेक पाळी मिळते. प्रत्येक पाळी बदलतांना सुमारें ४ सेकंद वायां जातात. म्हणजे एका फेरींत १६. फेरी ६० सेकंदांची असल्यास उपयोगी ४४ उरतात. प्रत्येक रस्त्यास ११ सेकंद वाट मिळते व ४९ सेकंद थांबावें लागतें. फेरी १२० सेकंदांची केल्यास १०४ सेकंद उपयोगी पडतात व अधिक गाड्या पार होतात. परंतु थांबणें ९४ सेकंदांचें होतें. गर्दीच्या चौकांत लाल दिवा लांबतो तो यामुळें. ब्रिटनमधील संशोधक वेबस्टर यांनीं १९५८ सालीं याचें सूत्र मांडलें. फेरी फार आंखूड असो वा फार लांब, विलंब वाढतोच, असें त्यावरून दिसतें.

या लांबणीचा खरा भार पादचाऱ्यांवर पडतो. उन्हांत उभा राहून कंटाळलेला मनुष्य गाड्यांमधून धांवत सुटतो व जीव धोक्यांत घालतो. वृद्धास तर मिळालेला वेळही पुरत नाहीं. म्हणून फेरी ठरवितांना केवळ गाड्या नव्हे, माणसेंही मोजलीं पाहिजेत.

हॉर्न वाजविल्यानें दिवा बदलत नाहीं. मुंबई पोलिसांनीं २०२० सालीं जाहीर केलेल्या प्रयोगांत तर गोंगाट ८५ डेसिबलवर जातांच लाल दिव्याची मोजणी पुन्हां आरंभापासून सुरू होई!

विद्यार्थ्यांनो, वडिलांच्या मागें बसून “निघा बाबा, पोलीस नाहीं” असें म्हणण्यापूर्वीं डावी-उजवीकडे पाहा. आपला लाल दिवा हा तेथील कोणाचा तरी हिरवा दिवा असतो. आणि उशीर टाळावयाचा, तर घरूनच पांच मिनिटें आधीं निघावें.