घरीच बनवा आपल्या घराची सापशिडी

सुट्टी लागली की मुलांचं ‘कंटाळा आला’ सुरू होतं आणि हात मोबाइलकडे जातो. फक्त मुलांचाच नाही हं, आपलाही! या रविवारी एक खेळ विकत न आणता सगळ्यांनी मिळून बनवून बघा.

सापशिडी हा आपल्याकडचाच खेळ. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. आपणही तसंच करायचं, फक्त साप आणि शिड्या आपल्या घरातल्या.

साहित्य
पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा, पांढरा कागद, पट्टी, पेन्सिल, स्केचपेन, फासा आणि सोंगट्यांसाठी वेगवेगळ्या रंगांची बटणं.

पट असा आखा
कागदावर 24 सेंमीचा चौरस काढा. दर 4 सेंमीवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या की 36 घरं तयार. 100 घरांचा डाव लहान मुलांना लांबलचक वाटतो. खालच्या डाव्या कोपऱ्यात 1 लिहा. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, असे आकडे वर न्या.

4 साप आणि 4 शिड्या पुरेत. शेवटच्या घरात साप नको. पुढे मुलांनी साप वाढवले, तर सलग 6 घरांत सापांची तोंडं येऊ देऊ नका. एका फाशाने ती ओलांडताच येणार नाहीत!

आता खरी गंमत
प्रत्येकाने एक साप आणि एक शिडी लिहायची. ‘न सांगता दप्तर भरलं’ ही शिडी, ‘ओला टॉवेल पलंगावर टाकला’ हा साप. नियम एकच: दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही.

कदाचित तुमची लेक लिहील, ‘बाबा जेवताना फोन बघतात.’ तेव्हा ‘अगं, ऑफिसचं काम असतं’ म्हणू नका. तो साप तसाच राहू द्या आणि त्या घरात आलात की मुकाट्याने खाली घसरा. एरवी बोलायला बिचकणारं मूल खेळात मनातलं सांगून जातं.

आधी दोन डाव खेळून बघा. कुणी फारच लवकर जिंकत असेल तर शिडी आखूड करा. मगच पट रंगवून पुठ्ठ्यावर चिकटवा.

महिन्याभराने पट पुन्हा काढा. एखादा साप आता पुसायचा का, हे मात्र ज्याने तो लिहिला त्यालाच ठरवू द्या.