तेरच्या पांढरीत पुरलेले तगर

धाराशिव जिल्ह्यातले तेर वारकऱ्यांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. गोरोबाकाका कुंभार होते, आणि याच गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाय सर्वांत जास्त रेंगाळतात ते भाजलेल्या मातीच्या वस्तूंपाशी. काकांच्याही हजारएक वर्षे आधी, सातवाहनांच्या काळात, इथल्या हातांनी त्या घडवल्या.

तेव्हा या गावाचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने समुद्री व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून तगरचे साधे कापड आणि मलमल भडोच बंदरात जाई. पुढे कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली अभिमानाने मिरवली. एवढे नाव असलेले नगर होते कुठे, याचा मात्र पत्ता लागत नव्हता. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये तगर म्हणजेच तेर असे मांडले, आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले.

पण गावाच्या पोटात काय आहे हे पंडितांच्या जोडीने गावानेही ओळखले, आणि त्याचे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांचे. पाऊस झाला की पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे धुपतात आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची मुंडकी वर येतात. अशी माती शेतात नेऊन टाकायची आणि खापर बांधावर भिरकावायचे, ही गावोगावची रीत. लामतुरे यांनी ते खापर उचलले, जपले आणि असे हजारोंनी जमवले. त्यांचा संग्रह आज शासनाच्या संग्रहालयात त्यांच्याच नावाने आहे. वस्तू ज्या मातीत सापडली त्या मातीपाशीच राहिली, हे मला फार मोलाचे वाटते. मुंबईच्या दालनात हीच वस्तू सुंदर दिसली असती, पण एकटी पडली असती.

केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, बाहुल्या आवर्जून पाहाव्यात. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजायचे, त्यामुळे आतून पोकळ. दुहेरी साच्याची ही पद्धत रोमन संपर्कातून आली असे अभ्यासक मानतात. चेहरे, केशभूषा, दागिने मात्र अस्सल इथले. इतकी नजाकत बोटभर मातीत उतरवणाऱ्या कुंभाराचे नाव कुठल्याही लेखात नाही, याची हळहळ वाटते.

तेरची सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतले पाँपेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे 1938 मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सला आहे. तेरची मूर्ती तिच्या घराण्यातली. दागिन्यांचा भार तोच, घडणही तशीच. पाँपेईची तारीख पक्की असल्याने तेरच्या मूर्तीच्या काळाचाही अंदाज बांधता येतो.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट याच संग्रहालयात आहे. आपल्या हवेत इतके जुने लाकूड टिकणे दुर्मीळ, म्हणून तिच्यापाशी घाई करू नये. त्यानंतर गावातल्या त्रिविक्रम मंदिराकडे जावे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार असलेले हे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या संग्रहाची एक मर्यादाही सांगायला हवी. टेकाडावर उचललेली वस्तू कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे कळत नाही आणि थर हरवला की काळ अंदाजाने ठरवावा लागतो. ही उणीव 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी आणि नंतर इतरांनी केलेल्या उत्खननांनी काहीशी भरून काढली. त्यांच्या चरांमधून थरांचा क्रम मिळाला, लामतुरे यांच्या कपाटांतून वस्तूंची श्रीमंती. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तरच तगर उभे राहते. ते वाचन अजून अपुरे आहे. केओलिन कोणत्या खाणीतून येत होते, साचे इथेच बनत की पैठण, नेवासे, भोकरदनशी त्यांची देवाणघेवाण होती, पाँपेईची मूर्ती मराठवाड्यातल्याच कारागिराने कोरली का, हे प्रश्न मातीच्या आणि हस्तिदंताच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीने पुढे सरकू शकतात. मराठवाड्यातल्या विद्यापीठांत पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलामुलींसाठी याहून जवळचा आणि मोठा विषय मला तरी दिसत नाही.